राजूर घाटात काकूंना कोणी ढकललं?

बुलढाण्याची हवा एकदा अनुभवून ये, असं वडील फार दिवसांपासून म्हणत होते. शेवटी काकूंना सोबतीला घेऊन मी खामगावहून निघाले. जलंबला गाडी बदलून मलकापूर, तिथून मोटारीने मोताळ्यावरून राजूरचा घाट. जायचं असेल तर हिवाळ्यात जावं. भाकरी-ठेचा बांधून घेतला की दिवसभराची सोय होते. बुलढाण्यात दिवस सुखाचे गेले. धक्का बसला तो परतताना.

मोटारीला डाव्या बाजूला दाराऐवजी नुसती साखळी होती. मी उजव्या कडेला, कापडी पडद्याला लागून बसले होते. घाट उतरू लागताच एक म्हातारे शेतकरी ओरडले, "उतार लागला! मांगं सरका रे, गाडी धुरजड होऊन राह्यली!" बैलगाडी उतारावर पुढून जड होऊन बैलांच्या मानेवर भार येऊ नये म्हणून सगळे मागे सरतात. त्याच सवयीने इथेही अर्धी मोटार उठली. काकू उठल्या, त्यांच्यामागे एक मणियार चाचा, पायाशी बांगड्यांची टोपली.

तेवढ्यात मोटार उजवीकडे वळली. काकू डावीकडे थेट साखळीवर आदळल्या. खाली दरी. कोणीतरी लुगड्याला धरून त्यांना आत ओढलं. मोटार थांबली.

"यानंच ढकललं मले!" काकू चाचांकडे बोट दाखवत किंचाळल्या. "पाठीत हात लागला याचा!"

"खुदाकसम माय, म्या हात नाही लावला!"

पण दोघांनी त्यांची कॉलर धरलीच होती. "उतरव बे याले खाली!"

परक्या पुरुषांसमोर मी कधी बोलले नव्हते. पण लहानपणी वडिलांनी मला दोरीला दगड बांधून फिरवायला लावला होता, ते आठवलं; दोरी तुटली की दगड सरळ निघून जातो, त्याला कोणी फेकत नाही. मी उठले.

"मोटार वळली, काकू सरळच गेल्या. बसलेल्यांना बाकानं धरून वळवलं. उभ्या माणसाला कोण धरणार?"

"लई शिकेल दिसते बाई!" कॉलर धरणारा एक म्हणाला. "मानूस आपोआप फेकल्या जाते काय?"

"मग यांची टोपली कुठे आहे?"

सगळे खाली बघू लागले. टोपली साखळीखालून गेली होती. उतारावर काचा चमकत होत्या.

"स्वतःची टोपलीही यांनीच ढकलली का?"

कॉलर सुटली. माफी कोणी मागितली नाही. चाचा दरीकडे बघत राहिले. ड्रायव्हर म्हाताऱ्यांवर खेकसला, "इथं बैल हायेत काय, आजा? बसा खाली सारे!"

घाटात जाणाऱ्यांना एवढंच सांगेन: बसून राहा, बाक घट्ट धरा.

घरी काकू शेजारणींना अजून सांगतात, कोणीतरी ढकललंच. मी दरवेळी नाही म्हणते. त्या म्हणतात, "माह्या पाठीले समजलं ना!"

त्या खोटं बोलत नाहीत. त्या वळणावर माझ्याही उजव्या खांद्याला कोणीतरी जोरात रेटलं होतं, आणि माझ्या उजवीकडे पडद्याशिवाय काहीच नव्हतं. तिथे चाचा बसलेले असते, तर पहिली ओरडले असते ती मीच.