खालच्या मजल्यावरचा ऑर्गन

गेल्या वर्षीच्या १९ नोव्हेंबरला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, जपानमध्ये, निशी-कसाईतील आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई माझ्यासमोर गाऊ लागल्या. आठ मिनिटांनी त्या कडव्याच्या मध्येच थांबल्या. ऑर्गनचे बटण बंद केले, वाकून नमस्कार केला आणि मला चहा दिला. काय घडले, ते मला कळले नाही.

बाईंचे वय शहात्तर. लहानपणी त्या चर्चमध्ये ऑर्गन शिकल्या. विशीत योकोहामाच्या क्लबांत अमेरिकन खलाशांपुढे त्यांच्याकडचे सोल संगीत गाऊ लागल्या. पुढे चाळीस वर्षे स्वतः वाजवून स्वतः गायल्या. मग घशाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या रविवारी इमारतीच्या सभागृहात कार्यक्रम होता. तिथे गायचे, की नुसते वाजवायचे, हे त्यांना ठरवायचे होते. शेजारी भिडेखातर खरे बोलणार नाहीत, असे त्यांचे मत. मी पुण्यात तीस वर्षे कीर्तनाला पेटीची साथ केली, हे माझ्या सुनेने त्यांना सांगितले होते. म्हणून मला बोलावणे.

मला जपानी येत नाही. आवाज चिरकलेला होता. वरचा सूर जिथे पोचत नव्हता, तिथे त्या हात उचलून नुसता श्वास घेत. असे मी पूर्वी ऐकले नव्हते.

चहा संपवून वर आलो. काही चुकले होते. काय, ते समजेना. बूट मी दाराशीच काढले होते.

सहा वाजता सून कामावरून आली, ती फोन हातात धरूनच.

"बाबा, तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"काही नाही."

"त्यांनी लिहिलंय, स्पष्ट मताबद्दल आभारी आहे. ऑर्गन न्यायला अवजड कचरा नेणाऱ्यांना बोलावलंय."

"मी बोललोच नाही. ऐकत होतो."

"कसं? करून दाखवा."

मी डोळे मिटून मान डावी-उजवीकडे डोलावली. तिने कपाळावर हात मारला.

"अहो बाबा! इथे याचा अर्थ 'नाही'. आठ मिनिटं तुम्ही त्यांच्या तोंडावर नाही, नाही म्हणत बसलात!"

"मी दाद दिली."

"ती पुण्यात!"

आम्ही खाली गेलो. ऑर्गन दारापर्यंत ढकललेला होता. सुनेने सारे समजावले. बाईंनी माझ्याकडे रोखून पाहत विचारले, रविवारी गाऊ का? मी मान वर-खाली हलवली, तीनदा, काळजीपूर्वक. त्या हसल्या.

"म्हणताहेत, आता तुम्ही खोटं बोलताय असं वाटतं," सून म्हणाली.

मग त्या तिथेच, उभ्यानेच, साथीशिवाय गायल्या. मान आवरावी की नाही, हे मला ठरवता येईना. ती हललीच.

"रविवारी पहिल्या रांगेत बसा म्हणताहेत. तुमची मान थांबली, की त्या थांबणार."

त्यांना खरेच पटले, की हाही शिष्टाचार, हे मला आजही सांगता येत नाही. बाईंनी फोनवरून कचऱ्याची नोंद रद्द केली. सुनेने आणि मी ऑर्गन भिंतीशी नेऊन लावला. त्याचा एक पाय टेकत नव्हता. त्याखाली मी पुठ्ठ्याची घडी सरकवली.