श्यामसुंदरच्या होडीचं व्हार्निश

"२१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. श्यामच्या होडीचं व्हार्निश चौथ्या दिवशीही ओलं."

क्षमाताईंनी डायरी मिटली. त्यांचा धाकटा भाऊ श्यामसुंदर निवृत्त झाल्यापासून चारकोपच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दोन फुटी लाकडी होडी बांधत होता. रविवारी ती बागेतल्या तळ्यात सोडणार, असं त्याने सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना छाती पुढे काढून सांगितलं होतं.

"पाणी आत शिरू नये म्हणून तीन हात दिले गं ताई. तरी बोटाला चिकटतंय!"

"त्याआधी लाकडाला काय लावलं होतंस?"

"काही नाही. पाडव्याला पूजा केली, तेव्हा जरा खोबरेल चोळलं."

"जरा?"

"अर्धी बाटली. नवं बाळ ना ते!"

"श्याम्या, तेलकट लाकडावर व्हार्निश धरेल का रे? सगळं घासून काढ आता."

घासून, पुसून, पुन्हा तीन हात द्यायचे म्हणजे आठवडा गेला. श्यामसुंदरने पडलेल्या चेहऱ्याने त्या मित्रांपैकी देवदत्तला फोन लावला.

"रविवारचं रद्द, यार. अमावास्या आहे."

"अमावास्या काल झाली! खरं सांग, बुडाली ना?"

शेवटी त्याने तेलाचं कबूल केलं. पलीकडचं हसणं क्षमाताईंना स्वयंपाकघरात ऐकू आलं. मग देवदत्त म्हणाला, "पॉलिश पेपर घेऊन आम्ही पाचही जण येतो. बाळाला आंघोळ घालू."

संध्याकाळी क्षमाताईंनी त्याच पानावर लिहिलं : "हॉलमधला गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला."