एरंडेल प्यालेला चेहरा

इब्राहिमभाईंचा चेहरा हजारो मोबाइलांत फिरतो आहे, आणि माणूस मुळीच तसा नाही. लोणावळ्याजवळच्या औंढे गावात कुणालाही विचारा. मयतीला गेले तरी दोघांना हसवून परतणार, अशी त्यांची ख्याती. पण त्या फोटोत ते हातात कणीस धरून डावीकडं असे बघतायत, की एरंडेल प्यालेला माणूस परवडला. त्याखाली कुणीतरी लिहिलं, ‘सोमवार’. दुसऱ्यानं लिहिलं, ‘पाहुणे अजून बसलेत’. मग त्याला धरबंधच राहिला नाही.

त्यांची नात अम्मारा तळेगावला कॉलेजात शिकते. तिनं एकदा समजावून सांगितलं, "नाना, तुम्ही आता माणूस राहिला नाहीत, स्वभाव झालात. आमच्या ग्रुपमध्ये जो सारखा कुरकुर करतो, त्याला सगळे कणीसवाला चाचा म्हणतात."

"आन मग मला काय म्हनायचं?" इब्राहिमभाई म्हणाले. तेव्हा त्यांची बायको अजीजुन्निसा जिवंत होती, त्यामुळं त्यांना या सगळ्याची गंमतच वाटायची.

लोणावळ्याच्या वर, दरीच्या कठड्यापाशी त्यांची कणसांची गाडी. भाजायचं त्यांनी, लिंबू-तिखट चोळायचं बायकोनं. ती डावीकडं स्टुलावर बसायची. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही कणीस गिऱ्हाइकाच्या हातात पडत नसे. दाणा नखानं दाबायची आणि पटलं नाही तर भर गर्दीत नवऱ्याला परत द्यायची. "कच्चं हाय. आनी भाजा."

त्या दिवशी तेच झालं होतं. कणीस परत आलं, इब्राहिमभाईंनी तिच्याकडं बघून खोटंखोटं तोंड वाकडं केलं, ती पदर तोंडाला लावून हसली, आणि समोरच्या पोरानं फोटो काढला. लोकांपर्यंत पोचला तो अर्धाच. त्यात वाकडं तोंड आहे, ज्या बाईसाठी ते केलं ती नाही. कडेला फक्त तिचा हिरव्या बांगड्यांचा हात उरलाय.

गेल्या थंडीत अजीजुन्निसा गेली. आयुष्यभर तिनं फोटोकडं पाठ फिरवली, मागं उरला तो आधारकार्डावरचा, आणि त्यात तर कुणीच स्वतःसारखं दिसत नाही. इब्राहिमभाईंना तिचं हसू हवं होतं. एवढंच हवं होतं. सेल्फीसाठी जवळ येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारू लागले, "पुरा फोटो हाय का कुनाकडं? कडंला बाई बसलेली?" लोकांना तोही विनोद वाटायचा. ते हसायचे, कणीस घ्यायचे, जायचे.

शेवटी अम्मारानं शोध घेत घेत तो पोरगा गाठला. आता पुण्यात नोकरीला होता. त्याचं उत्तर आलं तेव्हा ती गाडीपाशीच उभी होती. मनातल्या मनात वाचलं आणि मोबाइल खाली केला.

"वाच की मोठ्यांदा," इब्राहिमभाई म्हणाले.

"नाना, राहू दे."

"वाच म्हनतो ना."

तिनं वाचलं. ‘आजी गेल्याचं ऐकून वाईट वाटलं. पण पूर्ण फोटो माझ्याकडे नाही. चाचांना दाखवला तेव्हा तेच म्हणाले होते, बाईमानसाचा फोटो नको, तिला आवडत न्हाई, काढून टाक. मी त्यांच्यासमोरच कापला आणि मूळचा पुसला. त्यांनी खूश होऊन मला एक कणीस फुकट दिलं होतं.’

इब्राहिमभाईंना आठवलं. पोराचं कौतुक वाटून अजीजुन्निसानं टोपलीतलं सगळ्यात भरलेलं कणीस निवडून दिलं होतं. तिची लाज राखली म्हणून दिवसभर खुशीत होती.

ते निखाऱ्यांना वारा घालत राहिले. अम्मारा काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात एक मोटार थांबली आणि एक मुलगी उतरली.

"अय्या, कणीसवाले चाचा! तो चेहरा करा ना, प्लीज."

अम्मारा पुढं झाली, पण इब्राहिमभाईंनी हातानंच तिला थांबवलं. शेगडीवरचं कणीस उचललं आणि डावीकडं बघितलं. स्टुलावर लिंबांची पिशवी होती. या वेळी त्यांना तोंड वाकडं करावं लागलं नाही.

"एकदम सेम," मुलगी फोटो काढत म्हणाली. लिंबू-तिखट त्यांनीच चोळून दिलं. खाली काय लिहायचं याचा विचार करत ती मोटारीकडं निघाली आणि जाता जाता खाऊ लागली. कणीस अर्धं कच्चं होतं. कुणी परत दिलं नाही.