पंचाने सकाळी पाठ केलेली यादी

आमच्या ऑफिसात त्याला सगळे वकील म्हणत. कायद्याचं पुस्तक त्याने आयुष्यात उघडलं नव्हतं, पण ‘असेल तर’ आणि ‘नसेल तर’ यांवरून तो तासन् तास वाद घालायचा. समोरचा कंटाळून चहाला निघून गेला तरी याचा मुद्दा संपलेला नसे. असला माणूस घरात कुणालाही नकोसा होईल. त्याच्या कामाला मात्र असाच माणूस हवा होता.

काम असं होतं. शहरातली चार हॉस्पिटलं आपापल्या रुग्णांची माहिती पाठवायची: किडनी कुणाला हवी, रक्तगट कोणता, वाट बघून किती दिवस झाले. ती सगळी एका डेटाबेसमध्ये जमा व्हायची. एखादी किडनी मिळाली की ती कुणाला जावी, हे वकिलाने लिहिलेल्या नियमांवरून प्रत्येकाला गुण देऊन एक प्रोग्राम ठरवायचा. त्या प्रोग्रामला सगळे पंच म्हणत.

पंचाला नियम तोंडपाठ होते, पण माणसं माहीत नव्हती. त्यासाठी त्याला डेटाबेसकडे जावं लागे. सुरुवातीला तो प्रत्येक रुग्णासाठी, प्रत्येक नियमासाठी वेगवेगळा विचारायला जायचा. रुग्ण चारशे, नियम चाळीस. एका सोमवारी डेटाबेसने हात टेकले आणि चारही हॉस्पिटलांचे स्क्रीन पाऊण तास जागच्या जागी थिजले. तेव्हा वकिलाने तोड काढली. पंचाने सकाळी सहाला सगळी यादी एकदाच वाचायची, लक्षात ठेवायची आणि दिवसभर तीवरूनच निर्णय द्यायचा. मधल्या वेळात कुणाची नोंद बदलली तर हॉस्पिटलने फोन करायचा, मग वकिलाने ‘पुन्हा वाच’ हे बटण दाबायचं. ज्याने त्याने त्याची पाठ थोपटली.

खरं तर ही युक्ती ताईची. लहानपणी ती त्याचे पाढे असेच घ्यायची. पुस्तक बघ, मिट, आता म्हण. मध्येच डोकावलं की पाठीत धपाटा. आई गेली तेव्हा ताई एकोणीसची होती आणि हा दहाचा. तिने नोकरी धरली, याला शिकवलं, आणि त्या धबडग्यात तिचं लग्न राहूनच गेलं. कुणी हळहळलं तर म्हणायची, मूल आहे की मला एक, तेही हट्टी.

तीच ताई आता तीन वर्षं त्या यादीत होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दाराशी कायम भरून ठेवलेली बॅग, कारण फोन आला की दोन तासांत पोचावं लागतं. मधेच तिला छातीत संसर्ग झाला आणि डॉक्टरांनी नाव ‘तात्पुरतं बंद’ केलं. सोळा दिवस ते तसंच होतं. परवा ताप उतरला, आणि आज सकाळी दहाला डॉक्टरांनी नोंद पुन्हा ‘चालू’ केली.

वकिलाने ती बदललेली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. बटण हाताशी होतं. परक्या माणसांसाठी त्याने ते शंभर वेळा दाबलं असेल. पण हॉस्पिटलमधून फोन आला नाही. तिथल्या सिस्टरला वाटलं, भाऊच तिथे बसलाय, त्याला काय कळवायचं. आणि भावाला वाटलं, कुणी सांगितलेलं नसताना आपण आपल्याच बहिणीसाठी बटण दाबायचं म्हणजे वशिलाच की. उद्या सहाला पंच आपोआप वाचेलच. महिन्यातून एखादी किडनी यायची, ती काय नेमकी आजच येणार? इतका सरळ माणूस. त्या सरळपणाचा मला आजही राग येतो.

सव्वा वाजता किडनी आली. रक्तगट ताईचाच.

पंचाची निर्णयाची फेरी सुरू झाल्याचा दिवा लागला आणि बटणाकडे गेलेला हात वकिलाने मागे घेतला. कारण आणखी एक नियम होता: फेरी सुरू झाली की ती संपेपर्यंत यादीला कुणी हात लावायचा नाही, ‘पुन्हा वाच’सुद्धा नाही. पूर्वी एकदा एका बड्या माणसाच्या घरून, फेरी चालू असताना, कुणाची तरी नोंद बदलण्यासाठी फोन आला होता. त्यानंतर हा नियम व्हावा म्हणून वकील बैठकीत दोन तास भांडला होता. ‘पंचाला ओळख नसते, आणि आपण ती करून द्यायची नाही,’ हे त्याचंच वाक्य भिंतीवर चिकटवलेलं होतं.

तो उठून शेजारच्या खोलीत मॅडमकडे गेला. वाटपाची जबाबदारी या डॉक्टर मॅडमवर होती.

“मॅडम, एक नोंद जुनी आहे. पंचाकडे सकाळी सहाची आहे, दहाला बदललीय.”

“कुणाची?”

“माझ्या बहिणीची.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या काही कठोर बाई नव्हत्या, ताईची चौकशी नेहमी करायच्या.

“दुसऱ्या कुणाची असती आणि मी तुम्हाला बटण दाबायला सांगितलं असतं, तर?”

“नाही म्हटलं असतं,” वकील म्हणाला.

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

तो जागेवर परतला तोवर निकाल आला होता. पहिल्या नंबरला एकोणतीस वर्षांचा एक तरुण, गुण एकसष्ट. वकिलाने कागद ओढला आणि ताईचे गुण हाताने मांडले. नियम त्याचेच, यंत्राची गरज नव्हती. चौसष्ट. त्याने पुन्हा बेरीज केली, कुठे तरी चूक निघावी म्हणून. निघाली नाही. चारही हॉस्पिटलांना निरोप गेले, एकेक पोचल्याची खूण उमटत गेली. वीस मिनिटांत त्या तरुणाच्या हॉस्पिटलचा होकार आला. कुठल्या तरी घरात आता धावपळ सुरू झाली असेल, कुणी तरी आनंदाने रडत असेल. त्या पोराचा राग करावा असं काही त्याच्यात नव्हतं, आणि यानेच वकील जास्त हतबल झाला. भांडायला समोर कुणी नव्हतंच.

संध्याकाळी घरी आला तेव्हा ताई दाराशी बॅग पुन्हा भरत बसली होती. सोळा दिवस बाजूला पडलेले कपडे तिने धुऊन घेतले होते. चेहरा कितीतरी दिवसांनी तरतरीत दिसत होता.

“सिस्टर म्हणाली, नाव चालू झालं. तुझ्या पंचाला कळलं का?”

“उद्या सकाळी सहाला कळेल.”

“असं होय,” ताई म्हणाली. “मग ठीक आहे. एका दिवसाने काय बिघडतंय.”

तिने हात पुढे केला, तो धरून तिला उठवावं म्हणून. त्याने उठवलं. ती हळूहळू स्वयंपाकघरात गेली आणि तो तिथेच खाली बसला. बॅगेची चेन अर्धी उघडी राहिली होती. ती त्याने शेवटपर्यंत ओढून लावली.