शिर्के बाईंचा कोट

लॅबमधले फ्लास्क रोज घासून ठेवता येतात. किस्से कोण घासणार? ते साचतच जातात! आमच्या नंदेसरीच्या लॅबमधले तर बहुतेक शिर्के बाईंचेच.

नव्वदीची सुरुवात होती. बाहेरचा माल स्वस्तात येऊ लागला, तसे आमचे शेठ लॅबकडे वाकड्या नजरेनं बघू लागले. एका औषध कंपनीला आमचं नवं रसायन हवं होतं. ते जमलं तर लॅब राहणार, नाहीतर कुलूप! लॅब म्हणजे बाई, जिग्नेश आणि मी.

*

पहिल्याच दिवशी बाईंनी मला मॅग्नेशियमची रिअॅक्शन लावायला सांगितली. पाण्याचा अंश असला की ती अडून बसते. ओव्हनमधून काढलेल्या फ्लास्कमध्ये मला धूळ दिसली, म्हणून मी जोरात फुंकर मारली!

"झालं! फुंकरीत वाफ नसते का रे? ठेव परत ओव्हनमध्ये."

*

फ्लास्क वाळला, तरी रिअॅक्शन हलेना. बाईंनी आयोडीनचा बारीक खडा टाकला आणि तळहाताची ऊब देत बसल्या. बघता बघता आतलं इथर उकळू लागलं.

"बेन, चालू थई गयुं!" जिग्नेश नाचायलाच लागला.

"नाचू नकोस, बर्फ आण. सुरू कुणीही करतं, आवरता आलं पाहिजे."

इतका शांत माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

*

एकदा जिग्नेशचं यील्ड, म्हणजे हाती आलेला माल, शंभर टक्क्यांच्या वर गेलं. गडी पेढे आणायला निघाला! बाईंनी ती ओलसर पावडर काचेवर पसरली.

"जिग्नेश, यातलं पाणीपण तूच बनवलंस?"

*

बाईंचा कोट कधी धुतला जात नसे. मांजलपूरला घरी नेला तर सासूबाई धुवून टाकतील, म्हणून तो लॅबच्या खुंटीवरच असे. प्रत्येक रसायनाची पूड त्याच्या बाह्यांवर होती.

*

आणि तो दिवस! नव्या रसायनाचे पहिले स्फटिक नमुना म्हणून सगळेच्या सगळे कंपनीला गेले होते. मोठ्या फ्लास्कमधल्या पुढच्या खेपेचं मात्र नुसतं तेल, स्फटिक होईनात. बर्फात ठेवलं, काचेच्या कांडीनं घासलं, ढिम्म! एक जुना कण जरी मिळाला असता, तरी त्याच्याभोवती सगळं गोठलं असतं.

तेवढ्यात शेठ कुलूप घेऊनच आले. कोटाशिवाय लॅबमध्ये कुणालाच प्रवेश नाही, हा बाईंचा नियम. त्यांनी शांतपणे खुंटीवरचा स्वतःचा कोट शेठना चढवला.

शेठ उघड्या फ्लास्कवर वाकले. "केटली धूळ छे, बेन!" म्हणत त्यांनी बाही झटकली.

फ्लास्क तळापर्यंत स्फटिकांनी पांढराशुभ्र झाला.

"शुं नाख्युं तमे?" काय टाकलंत म्हणून शेठ ओरडले.

बाई म्हणाल्या, "अमे नहीं, शेठ. तमे!"