मिनाराकडे पाठ

गोंदियात आमच्या समोर राहणारे राइस मिलचे निवृत्त मुकादम उझबेकिस्तानच्या आमच्या बससहलीला एकटेच आले. बायकोचा पाय ऐनवेळी मोडला आणि तिनेच त्यांना बळेच पाठवले. समरकंदला सगळे इमारती बघायला आत गेले, हे बसजवळ आमच्या पिशव्या राखत बसले. बुखाऱ्यातही तेच. मी वहीत पाहिलेल्या ठिकाणांवर खुणा करत होते. यांचे काय लिहावे कळेना.

"भाऊ, आत काऊन येत नाही?"

"नागऱ्याच्या देवळात बी मी तिच्याबिगर गेलो नाही, ताई. हे कसं पाहू?"

"मग आलात कायले?"

"तिनं जा म्हटलं ना."

खिव्याला तिचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी फोन खांद्यावरून मागे धरला आणि स्वतः मिनाराकडे पाठ करून उभे राहिले.

"तिरपा दिसून राहिला," फोनमधून आवाज आला. मी त्यांचा हात सरळ केला.

"केवढा उंच आहे, बाप्पा. तुमी बी पाहून राहिले ना?"

"पाहून राहिलो," समोरच्या बसकडे बघत ते म्हणाले.

"ताई, खरंच पाहून राहिले का हे?"

मी हो म्हणाले. त्या दोघांपैकी कोणाची बाजू घेतली, ते मला अजून कळलेले नाही.