काउंटरवरचं विंडोज आणि माझी मुलाखत

मागच्या महिन्यात अनसिंगला घरच्या गच्चीवर बसून ऑनलाइन मुलाखत दिली... आणि डोकं अजून थंड झालेलं नाही. पुण्यातली कंपनी, काम एका मोठ्या बँकेचे सर्व्हर सांभाळायचं. आवाज नको म्हणून आईनं खाली मिक्सरसुद्धा लावला नव्हता.

पहिलाच प्रश्न... सर्व्हर स्लो झालाय, कोणता प्रोग्रॅम मेमरी खातोय ते कसं बघशील? मी खुश! ठणकावून सांगितलं, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबीन, टास्क मॅनेजर उघडीन.

समोरची दोघं एकमेकांकडे बघून हसली. मग त्यातल्या मॅडम म्हणाल्या, आमच्या सर्व्हरवर विंडोज नाहीच, लिनक्स आहे... काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची. कधी केलंय का? मी नाही म्हटलं आणि कॉल संपला.

आता हे मी शिकले कुठं? तर वाशीमच्या एका 'बँकिंग आयटी' क्लासमध्ये! रोज बसनं जाऊन-येऊन. सर सांगणार, आम्ही उतरवून घेणार आणि पाठ करणार... बँकेत कोणती ऑपरेटिंग सिस्टीम असते? उत्तर, विंडोज. झालं!

दुसऱ्या दिवशी तडक क्लास गाठला. सर नव्या बॅचला तेच लिहून देत होते... माझं टाळकंच सटकलं. सगळ्यांसमोर विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

"अवं, मी सोता पाह्यतो ना! बँकेत गेलो की काउंटरवर विंडोजच दिसते. तू कायले तापून राह्यली?"

म्हणजे पासबुक भरायला गेल्यावर काचेपलीकडं जो स्क्रीन दिसला, त्यावर ह्या माणसानं अख्खा कोर्स उभा केला! "सर, काउंटर म्हणजे बँक नाई," मी म्हटलं. "लोकायचे खाते ज्या मशीनवर हायेत, ते कधी पाह्यलं का तुमी?" सरांनी मला बाहेरचा रस्ता दाखवला.

जिन्यात मागून एक मुलगी धावत आली. शिरपूरची कोमल, नव्या बॅचमधली. "ताई, त्याच कंपनीत माही सोमवारी मुलाखत हाय. काय काय इचारलं?"

खोटं कशाला बोलू... क्षणभर वाटलं, नको सांगायला. माझा निकाल अजून आला नव्हता, हिला सांगितलं तर उरलीसुरली आशाही गेली. पण सरांवरचा राग त्याहून मोठा होता.

तिथंच पायरीवर बसून मुलाखतीतलं आणि आदल्या रात्री जागून नेटवर वाचलेलं सगळं सांगितलं. काउंटरवर विंडोज असेल, पण मागे सर्व्हरवर बहुतेक लिनक्स नाहीतर युनिक्स, आणि कित्येक मोठ्या बँकांत अजून मेनफ्रेम नावाची अवाढव्य मशीनंसुद्धा. तिच्या मोबाईलवर लिनक्सच्या कमांड चालवायचं फुकटचं ॲप टाकून दिलं... म्हटलं, सोमवारपर्यंत हेच बडवत बस.

कोमलला नोकरी लागली. मला नाही. तिचा पहिला फोन मलाच आला, रडत होती... मग मीही रडले, थोडं तिच्यासाठी, बरंचसं माझ्यासाठी.

आणि आज वाशीमच्या बसस्टँडजवळ फ्लेक्स बघितला! कोमलचा फोटो, त्याहून मोठा सरांचा, खाली 'आमच्या क्लासचं यश, नवीन बॅच सुरू'. लाज कशी वाटत नाही हो? दोन मुली खाली उभ्या राहून नंबर उतरवून घेत होत्या.

कोमल, पहिला फोन मला केलास, ते मी विसरणार नाही. फ्लेक्सवर काहीही छापू देत, मला तेवढं पुरे आहे... पण नंबर उतरवणाऱ्या त्या दोघींना तेवढं पुरे नाही, म्हणून हे लिहिलं.